ओळख एकट्याने घडत नाही

महोदय,

लोक काय म्हणतात याकडे लक्ष देऊ नका, स्वतःच्या आत डोकावा, खरा ‘मी’ तिथेच सापडेल, असा सल्ला व्यक्तिमत्त्व विकासावरील लेखांतून हल्ली वारंवार दिला जातो. तो धीर देणारा असला, तरी त्यामागचे गृहीतक मला पटत नाही.

नुकतेच चालू लागलेले मूल धडपडले, की पुष्कळदा लगेच रडत नाही. आधी जवळच्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहते. तिथे घबराट दिसली तर भोकाड पसरते, हसू दिसले तर बहुधा उठून पुढे निघते. लागलेले असते तेवढेच, पण त्या पडण्याचा अर्थ दोघांच्या नजरानजरेत ठरतो. शिकागो विद्यापीठातील तत्त्वज्ञ जॉर्ज हर्बर्ट मीड (१८६३–१९३१) यांनी ‘स्व’ची जडणघडण अशाच देवाणघेवाणीतून उलगडून दाखवली. लुटुपुटीच्या खेळात मूल एका वेळी एकाचेच सोंग घेते. सांघिक खेळात मात्र इतर सर्वांच्या भूमिका मनात धरून त्याला आपली चाल ठरवावी लागते, आणि दुसऱ्यांच्या नजरेतून स्वतःकडे पाहणे ते तिथे शिकते. (मीड यांचे या विषयावरील प्रसिद्ध पुस्तकही त्यांनी एकट्याने लिहिलेले नाही, त्यांच्या निधनानंतर, १९३४ मध्ये, ते प्रामुख्याने विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून सिद्ध झाले.) माणसे शब्द, हावभाव अशा प्रतीकांच्या देवाणघेवाणीतून अर्थ घडवतात, या विचाराला ‘प्रतीकात्मक आंतरक्रियावाद’ हे नाव समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांनी १९३७ मध्ये दिले.

याचा अर्थ माणूस इतरांच्या हातचे बाहुले आहे, असा नव्हे. समाजाने दिलेल्या प्रतिमेला उत्तर देणारा, प्रसंगी ती झुगारणारा ‘मी’ मीड यांनीही मानला होता. पण झुगारायलासुद्धा समोर कोणीतरी लागतेच.

निवृत्त माणसाचेच पाहा. ओळखपत्र परत केले, टेबलावरची नावाची पाटी निघाली, ‘साहेब’ म्हणून कोणी हाक मारेनासे झाले, की कालपर्यंत ठाम वाटणारी त्याची ओळख डळमळू लागते. अशा माणसाला अंतर्मुख होण्याचा उपदेश करणे मला काहीसे निर्दयपणाचे वाटते, कारण जे हरवले ते मुळात त्याच्या एकट्याच्या आत नव्हतेच. ज्यांच्यात त्याच्या शब्दाला पुन्हा वजन येईल, त्याच्या न येण्याची कोणी दखल घेईल, अशा माणसांची त्याला गरज असते. आपल्या पुरवण्यांतील सल्लागारांनी ती माणसे कशी जोडावीत, यावरही लिहावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक