चार आवाजांतील उपासना टिकावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ जवळ आला, की कापूसवेचणीवरून दमून आलेली मंडळी आमच्या अचलपूर तालुक्यातील लहान चर्चमध्ये सरावाला बसतात. मात्र सोप्रानो व आल्टो (स्त्रियांचे उंच व खालचे) आणि टेनर व बास (पुरुषांचे उंच व खालचे) या चार आवाजांऐवजी मोबाईलवरच्या तयार ट्रॅकमागे सारे एकाच सुरात गातात, याचे मनापासून वाईट वाटते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) अभंगाच्या वळणाने रचलेली भजने एकसुरातच, टाळ-तबल्यासह शोभतात. ती चार आवाजांत बसवण्याचा अट्टहास मला मान्य नाही. पाश्चात्त्य चालींची अनेक गीते मात्र स्वरमेळासाठीच, म्हणजे वेगवेगळे स्वर एकाच वेळी गाण्यासाठी, बांधलेली असून, बासचा आधार सुटला की त्यांची चाल पोकळ वाटते. आल्टोची ओळ बहुधा मोजक्या स्वरांतच फिरते, म्हणून सोपी भासते; पण शेजारून सोप्रानोची ओळखीची चाल कानावर पडत असताना आपला स्वर न सोडणे फार कठीण, आणि त्यासाठी प्रत्येक आवाजाचा पेटीवर स्वतंत्र सराव हवा. नागपूर-अमरावतीच्या जाणकार गायकांनी उन्हाळ्यात, शेतीची कामे थोडी कमी असताना, खेड्यांत येऊन तो करून घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, ता. अचलपूर, जि. अमरावती