लिस्बनहून, चावीसकट

लिस्बन, १८ जून

प्रिय बाळ्या,

नुसतं पोस्टकार्ड टाकणार होतो, पण कार्डावर मावेना. रात्रीचे नऊ वाजलेत आणि बाहेर अजून उजेड आहे. जेवायचं कधी, हेच कळत नाही इथे.

१२ तारखेला पोचलो, ती नेमकी सांत आंतोनियोच्या सणाची आदली रात्र. हा संत लिस्बनमध्येच जन्मलेला, त्यामुळे सगळं गाव रस्त्यावर. आल्फामा या जुन्या वस्तीच्या बोळांत दारोदारी शेगड्या आणि वर सार्डिन, आपल्या तारलीची चुलतबहीण. नुसतं जाडं मीठ लावून भाजतात आणि पावाच्या तुकड्यावर ठेवून हातात देतात. पाव सगळं तेल पितो, तो शेवटी खायचा. शर्टाला अजून धुराचा वास येतोय.

घरमालकीण सत्तरीच्या पुढची आजी, इंग्रजीच्या नावाने शून्य. किल्ली नाचवत म्हणाली, 'शाव्ह'. मी म्हटलं, 'चावी!' ती खूश. मग हाताला धरून घरभर एकेक वस्तू दाखवत सुटली. मेझा, साबांव, बाल्द. मेज, साबण, बादली! गंमत म्हणजे आपले पूर्वज 'चावी' हा शब्द पोर्तुगीजांकडून शिकले तेव्हा तेही 'च'च म्हणत, त्यांचा 'श' नंतर झाला. म्हणजे जुना उच्चार वसईत शाबूत आणि इथे बदललेला.

कार्मोचं चर्च बघताना तुझी फार आठवण आली. १ नोव्हेंबर १७५५ ला, ऐन सणाच्या सकाळी, भूकंप झाला; मागोमाग नदीतून लाटा आल्या आणि मग आगी लागल्या. पोंबाल नावाच्या मंत्र्याने खालचं शहर सरळ रस्त्यांचं नव्याने बांधलं, भिंतींच्या आत लाकडी सांगाडे घालून. हे चर्च मात्र बिनछपराचंच राहिलं. नुसत्या कमानी, वर निळं आभाळ. अरे, हुबेहूब आपला वसईचा किल्ला! फरक एवढाच, की इथे तिकीट आहे आणि आपण फुकटात आत क्रिकेट खेळायचो.

सिंत्रा हे गाव लिस्बनच्या रोसिओ स्टेशनवरून लोकलने चाळीसेक मिनिटं. पेनाचा लाल-पिवळा राजवाडा गर्दीत नीट दिसलाच नाही, वर धुकं. रेगालेराच्या बागेतली विहीर मात्र विसरणार नाही. पाण्यासाठी नाहीच ती. गोल जिन्याने सत्तावीस मीटर खाली उतरायचं आणि तळाच्या भुयारातून बाहेर पडायचं. तिथून बसने काबो द रोका, युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक. वाऱ्याने माझी टोपी अटलांटिकला अर्पण केली.

काल सोमवार, म्हणून जेरोनिमोसचा मठ बंद. (आधी बघायला नको का? बायको असती तर ऐकवलं असतं.) आज परत गेलो. आत शिरताच वास्को द गामाची समाधी. मेला १५२४ मध्ये कोचीला, हाडं मात्र इथे. बाजूला एक पोरगा तिला टेकून बुटाची नाडी बांधत होता.

इथल्या फरशीचे गुळगुळीत दगड उतारावर भलतेच निसरडे. दोनदा आपटलो. तू आलास तर चपला आणू नकोस.

उद्या पहाटे निघायचंय. आजीने खुणेने सांगितलंय, जाताना चावी दाराशेजारच्या कुंडीखाली ठेव. तुझी आई ठेवते तिथेच.

तुझा,
विन्या