एकाकीपणावर ‘माणसांत मिसळा’ एवढेच औषध पुरेसे नाही

संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

एकाकीपणाविषयी अलीकडे वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते आणि त्यातील बहुतेक लेखांचा शेवट ‘घराबाहेर पडा, माणसांत मिसळा, मोबाइल बाजूला ठेवा’ अशा सल्ल्याने होतो. सल्ला चुकीचा नाही. मात्र ज्याला तो द्यायचा त्याच्या मनात नेमके काय चालले आहे, याचा विचार न करता दिल्यामुळे तो बहुधा वाया जातो, असे माझे मत आहे.

भोवती किती माणसे आहेत, यावरून मानसशास्त्र एकाकीपणा ठरवत नाही. हवेसे वाटणारे संबंध आणि प्रत्यक्षातले संबंध यांत जी तफावत माणसाला जाचते, ती म्हणजे एकाकीपणा. रॉबर्ट वाइस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये त्यातही एक भेद दाखवून दिला. जिवाभावाचे एकही माणूस नसणे निराळे आणि मित्र, शेजारी, सहकारी असा गोतावळा नसणे निराळे. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. जोडीदार गेलेल्या व्यक्तीचे नाव घाईघाईने चार मंडळांत घालून मोकळे होणाऱ्या नातेवाइकांनी, किंवा नव्या गावी बदलून आलेल्याला ‘घरी बायकोमुले आहेत, मग तुला एकटे कसे वाटते?’ असे विचारणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घ्यायला हवा.

याहून महत्त्वाची गोष्ट शिकागो विद्यापीठातील दिवंगत मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी सांगितली. त्यांच्या मते एकाकीपणा हा दोष नसून भूक-तहानेसारखा शरीराने दिलेला इशारा आहे. कळपाबाहेर पडलेल्या जिवाला धोका अधिक, म्हणून त्याने परत फिरावे यासाठी ही वेदना. अडचण अशी की, कळपाबाहेरच्या जिवाला सावधही राहावे लागते, आणि ही अवस्था लांबली की सावधपणाचे रूपांतर संशयात होते. भुकेला माणूस अन्नाकडे धावतो. दीर्घकाळ एकाकी असलेला माणूस मात्र माणसांकडे जायचे सोडून त्यांच्यापासून चार हात लांब राहू लागतो.

हे घडते कसे, ते पाहण्यासाठी फार दूर जायला नको. बऱ्याच दिवसांनी कोणी धीर करून जुन्या मित्राला ‘कसा आहेस?’ एवढा निरोप पाठवतो. निरोप वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसतात, पण उत्तर येत नाही. मित्र कदाचित गाडी चालवत असेल, कदाचित ‘रात्री निवांत लिहू’ म्हणून विसरला असेल. ज्याचा गोतावळा शाबूत आहे, तो हे सहज गृहीत धरतो आणि कामाला लागतो. एकाकी माणूस पुन्हा पुन्हा फोन उघडून पाहतो, मागच्या भेटीत आपण काही जास्त बोललो का ते आठवतो, आणि तासाभरात ‘त्याला मी नकोच आहे’ या निर्णयावर येतो. दुसऱ्या दिवशी उत्तर आले तरी मग तो तुटकपणे एका शब्दात आटोपते घेतो. तो तुटकपणा पाहून मित्रही मागे सरतो आणि जी भीती निराधार होती तिला आता पुरावा मिळतो. अशा माणसाला संमेलनात नेऊन बसवले तर तो तिथूनही आणखी चार पुरावे घेऊन परत येईल.

हा केवळ माझा तर्क नाही. एकाकीपणा कमी करण्याच्या निरनिराळ्या उपायांवर झालेल्या अभ्यासांचा कॅसिओपो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एकत्रित आढावा घेतला. गाठीभेटींच्या संधी वाढवणे, संवादकौशल्ये शिकवणे किंवा आधार देणे यांपेक्षा, इतरांविषयी मनात बसलेले हे चुकीचे अर्थ तपासायला शिकवणारे उपाय त्यात अधिक परिणामकारक आढळले.

आधुनिक जीवनाचा दोष मला दिसतो तो इथे. असे अर्थ आपोआप खोटे ठरवणारे छोटे प्रसंग दिवसभरात पूर्वी कितीतरी येत असत, आणि सोयीच्या नावाखाली आपण ते एकेक करून काढून टाकले. पैसे भरायला यंत्र आहे, सामान दारात ठेवून जाणारा माणूस घंटा वाजवून निघूनही गेलेला असतो आणि दूरस्थ बैठक ज्या मिनिटाला संपते त्याच मिनिटाला सगळे चेहरे पडद्यावरून नाहीसे होतात. बैठक सुटल्यावर दारापर्यंत चालताना व्हायच्या त्या अघळपघळ गप्पांना जागाच उरलेली नाही. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कॉफीच्या दुकानातील विक्रेत्याशी हसून दोन शब्द बोललेल्या ग्राहकांना, झटपट व्यवहार उरकणाऱ्यांपेक्षा अधिक प्रसन्न आणि आपलेपणाचे वाटले. एवढ्याने जिवलग मिळत नाही, हे खरेच. पण माणसे आपल्याला झिडकारत नाहीत, याची रोजची थोडी थोडी खात्री त्यातून पटत असते.

सरकारांनी या प्रश्नाची दखल घेतली आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये त्यासाठी मंत्री नेमले. (मंत्री नेमून मैत्री जुळत नाही, पण निदान प्रश्न कागदावर आला.) जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा ग्रासतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला आहे.

त्याच अहवालातील एका बाबीकडे आपले लक्ष वेधून पत्र पुरे करतो. १३ ते २९ या वयोगटात एकाकीपणाचे प्रमाण १७ ते २१ टक्के आहे आणि त्यातही किशोरवयीन मुलांत ते सर्वाधिक आहे. तरीही या विषयावरील लेखांसोबत छायाचित्र छापले जाते ते बहुधा बाकावर बसलेल्या वृद्धाचेच. वृद्धांची दखल घेतलीच पाहिजे. पण वर्गात तीस जणांमध्ये बसलेल्या आणि कोणाच्याही खिजगणतीत नसलेल्या मुलाच्या पालकांना असा लेख आपल्यासाठी आहे, हे कळणार तरी कसे? आपल्या पुरवणीत या वयाच्या मुलांविषयी, शक्य झाल्यास शाळा-महाविद्यालयांतील समुपदेशकांकडून, स्वतंत्र लेख लिहून घ्यावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक