नोंदणीचा फॉर्म भरण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. तुमच्या शाळेला एसएटी (अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठीची परीक्षा) आणि एपी (शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या विषयवार परीक्षा) घ्यायच्या आहेत आणि नोंदणीचं काम तुझ्याकडे आलंय हे वाचून फार बरं वाटलं. तू एकच प्रश्न विचारलायस, "फॉर्म कुठला आणि भरायचा कधी?" त्याचं उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण पहिल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली, ती एका मुलाला भोवली आणि मला ती अजून सलते. म्हणून पत्र लांबणार आहे. निवांत वेळ काढून वाच.

आधी कोडबद्दल. या दोन्ही परीक्षा ज्या अमेरिकन संस्थेच्या आहेत त्या कॉलेज बोर्डाशी काहीही व्यवहार करायचा तर शाळेला सहा अंकी कोड लागतो. बोलताना सगळे त्याला सीईईबी कोड म्हणतात. संस्था १९०० साली निघाली तेव्हा तिचं नाव कॉलेज एन्ट्रन्स एक्झामिनेशन बोर्ड होतं, त्याची ही आद्याक्षरं. नवा कोड मागण्याआधी शाळेत नीट चौकशी कर; मुलांच्या कॉलेजप्रवेशासाठी एखाद्या समुपदेशकाने तो कधीकाळी घेऊन ठेवलेला असू शकतो. नसेलच, तर शाळेच्या मान्यतेची कागदपत्रं हाताशी ठेव.

कोड मिळाला की शाळा केंद्र झाली, असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटलं होतं. पण कोड म्हणजे फक्त शाळेची ओळख. एसएटीचं केंद्र व्हायचं तर त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते आणि केंद्राला स्वतःचा वेगळा क्रमांक मिळतो. एपीसाठी दरवर्षी सहभागाचा अर्ज भरावा लागतो. आणि ज्या मुलांना जास्त वेळ किंवा इतर सवलती लागतात, त्यांच्यासाठी तिसरंच खातं उघडावं लागतं. एकाच संस्थेची ही तीन दारं आहेत, आणि एक उघडलं म्हणून दुसरं उघडत नाही.

हे तिसरं दार मी उघडलंच नव्हतं.

त्या वर्षी अकरावीत एक मुलगा होता, त्याला डिस्लेक्सिया आहे. हुशार, पण वाचताना ओळीखाली पट्टी धरल्याशिवाय त्याची नजर ठरत नाही. शाळेच्या प्रत्येक परीक्षेत त्याला जादा वेळ मिळायचा, सगळ्या शिक्षकांना ते ठाऊक होतं. शाळा देते ती सवलत एसएटीतही आपोआप मिळेल, असं मी गृहीत धरलं. तसं होत नाही. कॉलेज बोर्डाची मंजुरी वेगळी घ्यावी लागते, कागदपत्रं तपासून निर्णय यायला सात आठवडेही लागू शकतात, आणि शाळेकडून ती विनंती ऑनलाइन पाठवायची तर शाळेत एसएसडी समन्वयक, म्हणजे अशा सवलतींचं काम बघणारा माणूस, नेमलेला असावा लागतो. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा परीक्षेला जेमतेम तीन आठवडे उरले होते.

तो सगळ्यांबरोबरच बसला. डिजिटल एसएटीत वाचन-लेखनाचे दोन भाग असतात, प्रत्येकी ३२ मिनिटांचे, आणि एका भागात २७ प्रश्न. ब्लूबुक नावाच्या ज्या अ‍ॅपवर परीक्षा होते, त्यात एक ओळ दाखवून बाकीचा मजकूर झाकणारी पट्टी असते. तो ती पट्टी एकेक ओळ खाली सरकवत होता. मी दारातून पाहिलं तेव्हा बाकीची मुलं पुढचामागचा प्रश्न तपासत होती आणि हा अजून उताऱ्यातच अडकलेला. स्क्रीनवरचं घड्याळ नको असेल तर मुलांना लपवता येतं, पण शेवटच्या पाच मिनिटांत ते पुन्हा दिसू लागतं. ते दिसल्यावर त्याने पट्टी बाजूला केली आणि नुसतीच उत्तरं टिचकवायला सुरुवात केली. बाहेर आल्यावर तो मला एवढंच म्हणाला, "सर, आठ प्रश्न वाचताच आले नाहीत." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं.

म्हणून तुला सांगतो, नोंदणीची सुरुवात फॉर्मपासून करू नकोस, माणसांपासून कर. कागदावर तीन नावं लिही: एसएटीचा केंद्र समन्वयक, एपी समन्वयक आणि एसएसडी समन्वयक. छोट्या शाळेत एकच माणूस दोन कामं करू शकतो, पण प्रत्येक कामासमोर नाव हवं. त्यातही एसएसडीचं नाव सगळ्यांत आधी लिही. मग सगळ्या वर्गशिक्षकांना विचार, कुणाला जादा वेळ लागतो, कुणाला मोठी अक्षरं लागतात, मधुमेहामुळे कुणाला मध्ये खावं लागतं. यादी झाली की लगेच विनंत्या पाठव. एकदा मंजुरी मिळाली की ती एसएटी, पीएसएटी (एसएटीच्या आधीची सरावासारखी परीक्षा) आणि एपी या तिन्हींना चालते, प्रत्येक वेळी नव्याने धावपळ करावी लागत नाही. मूल दुसऱ्या शाळेतून आलं असेल तर त्याची जुनी मंजुरी तुमच्या शाळेच्या यादीत आणून घे. ती राहून गेली तर परीक्षेच्या दिवशी फार पंचाईत होते.

नावं ठरवताना आणखी एक बघ. ज्याच्या घरातलं कुणी त्याच तारखेला एसएटी देत असेल, त्याला समन्वयक होता येत नाही. पैसे घेऊन एसएटीची खाजगी शिकवणी करणाऱ्यालाही नाही. तुमच्या गणिताच्या सरांबद्दल तू लिहिलंयस, ते कितीही कामाचे असले तरी त्यांना आधी हे स्पष्ट विचार. यंदा माझी मुलगी परीक्षेला बसतेय, म्हणून त्या तारखेला मी स्वतः बाजूला झालोय आणि सगळं काम माझ्या सहकारी बाईंकडे सोपवलंय. नियम कडक आहे, पण मला तो मनापासून पटतो. आपलं लेकरू आत बसलेलं असताना कुणाच्याही मनात शंकेला जागा राहू नये.

एपीचं गणित वेगळं. परीक्षा मे महिन्यात होतात, पण वर्षभराच्या विषयांच्या प्रश्नपत्रिकांची मागणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नोंदवायची असते. म्हणजे शाळा सुरू होऊन मुलं रुळतात न रुळतात तोच निर्णय. वर्गाला एपी हे नाव लावायचं असेल तर शिक्षकाने आपला अभ्यासक्रम कोर्स ऑडिटमधून, म्हणजे बोर्डाच्या तपासणीतून, मंजूर करून घ्यायचा. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, बोर्डाने दिलेला नमुना जसाच्या तसा स्वीकारला तरी चालतं. मग प्रत्येक वर्गाचा जॉइन कोड मुलांना द्यायचा आणि त्यांनी स्वतःच्या खात्यातून नाव जोडायचं. हे वर्गातच, समोर उभं राहून करून घे. घरी करा म्हटलं की निम्मी मुलं विसरतात.

आणि यातलंच एक काम मला सगळ्यांत प्रिय आहे. एपीचा वर्ग न करताही परीक्षा देता येते, त्यासाठी फक्त परीक्षेपुरता वेगळा गट तयार करता येतो. ज्यांच्या शाळेत एपी नाही, जी मुलं घरीच शिकतात, ती दरवर्षी आपल्यासारख्या शाळांचे फोन फिरवत असतात. त्यांना घ्यायचं की नाही हे शाळेवर असतं, आणि बहुतेक ठिकाणी "जागा नाही" म्हणून मोकळे होतात. गेल्या वर्षी एक मुलगी अशी सातव्या शाळेला फोन करून आमच्याकडे आली. आम्ही तिला घेतलं. तुझ्या मुख्याध्यापकांना नोव्हेंबरच्या आधी एवढी एक गोष्ट पटवून दे, बाहेरच्या मुलांसाठी थोड्या जागा राखून ठेवा.

खोल्या आणि यंत्रांचं थोडक्यात सांगतो. डिजिटल परीक्षेला दोन मुलांमध्ये किमान तीन फूट अंतर लागतं, तेव्हा खोलीत किती मुलं मावतील ते वर्ग भरल्यावर मोजतात तसं मोजू नकोस, टेप घेऊन मोज. इंटरनेट मध्येच गेलं तरी परीक्षा चालू राहते, उत्तरं लॅपटॉपवर साठतात. सुरू करताना आणि शेवटी पाठवताना मात्र जोडणी लागते. खरी अडचण येते ती बॅटरीची. विजेचे बोर्ड भिंतीलगत असतात आणि मुलं मधोमध, म्हणून एक्स्टेंशन आधीच आणून ठेव. हजेरी टेस्ट डे टूलकिट या बोर्डाच्या परीक्षेच्या दिवशी वापरायच्या ऑनलाइन साधनात घेतली जाते, आणि तिथूनच पर्यवेक्षकाला सुरू करण्याचा कोड मिळतो. तो फळ्यावर ठळक लिहायला सांग, कोपऱ्यातल्या मुलालाही दिसेल असा.

पर्यवेक्षकांना सूचना छापलेल्या असतात त्याच शब्दांत वाचायच्या असतात. आमच्याकडच्या एका अनुभवी बाईंना ते खटकायचं, त्या म्हणायच्या मी मुलांना समजावून सांगते. मी त्यांना म्हटलं, शेजारच्या खोलीतल्या मुलाला ते समजावणं मिळणार नाही. २३ जून १९२६ ला पहिली एसएटी झाली, तेव्हा सुमारे ८,००० मुलं बसली होती आणि ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न होते. आज ९८ प्रश्नांना २ तास १४ मिनिटं मिळतात. एवढं सगळं बदललं, पण सगळ्यांनी तेच शब्द ऐकायचे हे तसंच आहे.

कागदही अगदीच गेला नाही. मे २०२५ पासून एपीच्या २८ परीक्षा ब्लूबुकवर आल्या, पण त्यातल्या १२ विषयांत मुलं प्रश्न स्क्रीनवर वाचतात आणि मोठी उत्तरं पुस्तिकेत हाताने लिहितात. त्या पुस्तिकांना कुलपाचं कपाट हवं, आणि किल्ली कुणाकडे हे लिहून ठेवलेलं हवं. खोके आल्या आल्या मोजून घे.

त्या मुलाचं राहिलं. एसएसडीचं खातं मी त्याच आठवड्यात उघडलं, त्याच्या आईबरोबर बसून कागद जमवले, आणि पुढच्या तारखेच्या बऱ्याच आधी मंजुरी आली. त्या वेळी त्याला प्रत्येक भागाला ३२ ऐवजी ४८ मिनिटं मिळाली. बाकीच्या खोल्या रिकाम्या झाल्या, व्हरांड्यातला गलबला ओसरला, आणि त्याच्या खोलीत तो आणि आणखी दोन मुलं शांतपणे लिहीत होती. मी बाहेर बाकावर बसून होतो. दार उघडलं तेव्हा त्याने मला पाहिलं आणि हाताची बोटं वर करून दाखवलं, दहा मिनिटं उरली होती.

एसएसडी समन्वयक म्हणून कुणाचं नाव घातलंस ते या आठवड्यात कळव. कागदपत्रांत काही अडलं तर फोन कर, रात्री उशिरा केलास तरी चालेल.

तुझाच,
जुना सोबती