काका, बंदूक घेतली नाही. खांदा मात्र अजून दुखतोय

अँकरेज, अलास्का

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच "बरं, जेवलास का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. चार लोक वाचतील, त्यात तुम्हीही वाचाल, आणि मध्येच फोन ठेवता यायचा नाही.

ग्रीन कार्ड हातात पडलं त्या आठवड्यातच मी तुमच्याकडे आलो होतो. पेढे द्यायला आलो असं म्हणालो, पण खरं तर बंदुकीचं विचारायचं होतं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना बंदूक जवळ बाळगणं हा केंद्रीय गुन्हा, शिकारीचा परवाना असेल तर सूट, हे तुम्हीच मला पहिल्या वर्षी बजावलं होतंत. तेव्हापासून मी थांबलो होतो. आता बंदूक खरेदीचा फॉर्म ४४७३ भरायचा, दुकानदार माझ्या पूर्वेतिहासाची तपासणी करून घेणार, आणि सगळं ठीक असेल तर बहुतेकदा काही मिनिटांत रायफल आपली. मला ते खरंच वाटत नव्हतं. आमच्या कुडाळला आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतसंरक्षणाच्या परवान्याची, माकडं आणि रानडुकरं हाकायला. निवडणूक जाहीर झाली की ती पोत्यात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. परवान्याचं नूतनीकरण म्हणजे तर खेटेच. बार काढण्यापेक्षा आजोबांचा वेळ कागदांतच जास्त गेला.

मला हवी होती मार्लिन १८९५ रायफल, ४५-७० या काडतुसाची. लिव्हर ॲक्शन, म्हणजे चापाखालचा दांडा खाली-वर करून काडतूस चढवायचं, आणि रुंद नळी. दुकानातल्या पोरानं ती हातात दिली, मी लिव्हर खाली-वर केली, आणि तो खटॅक-खटॅक आवाज दोन रात्री कानातून गेला नाही. साधारण पंधराशे डॉलर. बायकोला सांगायला कारण तयार होतं. रशियन रिव्हरवर सॉकाय सॅमन मासे धरायला जातो, तिथे अस्वलं येतात, पोरगी बरोबर असते. ऐकायला बिनतोड.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "अस्वलासाठी हवीय की तुला हवीय?"

मी अस्वलासाठी म्हणालो. तुम्ही "बरं" म्हणालात आणि शनिवारी रॅबिट क्रीकच्या रेंजवर बोलावलंत.

त्या शनिवारबद्दल खरं तर हे पत्र आहे. तुमची गाइड गन, म्हणजे त्याच मार्लिनचा आखूड प्रकार, साडेअठरा इंची नळी, वजन जेमतेम सव्वातीन किलो. हातात घेतली तर खेळण्यासारखी हलकी वाटली आणि मी खूश झालो. तेव्हाच तुम्ही हसलात, ते का ते मला नंतर कळलं. आधी काडतूस तळहातावर ठेवलंत. चारशेपाच ग्रेन, म्हणजे सव्वीस ग्रॅमची गोळी. आपल्या लष्कराच्या इन्सास रायफलची गोळी चार ग्रॅमची असते, त्यापुढे हे म्हणजे वरवंटाच. हे काडतूस अमेरिकन लष्करानं १८७३ साली घेतलं, म्हणजे पुण्यात सत्यशोधक समाज निघाला त्याच वर्षीचं, हे तुम्ही सांगितल्यावर मी उगाच त्याच्याकडे आदरानं बघत राहिलो.

मग भरायला सांगितलंत. उजव्या बाजूच्या त्या झडपेतून एकेक काडतूस आत ढकलायचं. पहिलं गेलं. दुसरं ढकलताना झडप मिटली आणि अंगठ्याच्या नखाशेजारची कातडी तिच्या कडेत सापडली. रक्त आलं. "झालं, आता ती तुझी झाली," तुम्ही म्हणालात आणि खिशातून पट्टी काढलीत. पट्टी खिशात घेऊन आला होतात, म्हणजे हे होणार हे तुम्हाला माहीत होतं.

गोळ्यांची नाकं चपटी का, हे मी विचारलं होतं. नळीच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात, मागच्याचं नाक पुढच्याच्या प्रायमरला, म्हणजे बार पेटवणाऱ्या बुडाच्या टिकलीला, टेकलेलं. टोक धातूचं आणि अणकुचीदार असेल तर दणक्यानं आतल्या आतच बार उडू शकतो. म्हणून चपटी, नाहीतर मऊ प्लॅस्टिकच्या टोकाची. त्याच दमात डब्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचायला लावलात. नाव तेच असलं तरी काही काडतुसं जुन्या ट्रॅपडोअर रायफलींना सोसतील इतपत सौम्य, काही मार्लिनसाठी जड, काही त्याहूनही जड फक्त भक्कम एकबारींसाठी. जुनी रायफल आणि चुकीचा डबा एकत्र आला तर पुढचं सांगायला नेमबाज उरेलच असं नाही. दुकानातल्या पोरानं यातलं चकार शब्द काढला नव्हता.

पहिला बार. आजोबांच्या ठासणीचा धक्का आठवत होता, त्यामुळे मी जरा गुर्मीतच दस्ता खांद्याला लावला. काका, तो धक्का नव्हता. कुणीतरी ढकलून दिल्यासारखं झालं, टोपी मागे गेली, आणि नळीच्या टोकावरची नेमाची माशी कुठे, लक्ष्य कुठे, काही कळेना. तुमची जड काडतुसं होती ती. तिसऱ्या बाराला मी डोळे मिटले, चौथ्याला चाप ओढायच्या आधीच खांदा आखडला. गोळी मातीत. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं कागदावर टिंब काढलंत.

आणि मग तुम्ही तो डाव टाकलात. "समज, अस्वल आलं," म्हणालात. मी घाईघाईनं घोडा ओढला, चाप दाबला. टक्. नुसतं टक्. घोड्याजवळची आडवी सेफ्टी लावलेलीच होती. घोडा पडतो, पण मधेच अडतो. ती काढली, बार झाला, लिव्हर मारली, पण घाबरून अर्धीच. रिकामं काडतूस अर्धवट बाहेर, दुसरं अर्धवट आत, सगळं अडकलं. तुमच्या घड्याळात अकरा सेकंद. मग शांतपणे सांगितलंत, धावणारं तपकिरी अस्वल ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास येतं, तीस मीटर म्हणजे दोन-अडीच सेकंद. उरलेल्या साडेआठ सेकंदांत माझं काय झालं असतं ते तुम्ही सांगितलं नाहीत.

दुपारी तुमच्या अंगणात अस्वलावर मारायच्या तिखटाच्या फवाऱ्याचा सराव. सरावाचा डबा, आत तिखट नाही. तुम्ही पोरांच्या बर्फावरच्या घसरगाडीवर जुनं घोंगडं टाकून तिला दोरी बांधली आणि काकू ती ओढत माझ्या अंगावर धावत आल्या. साठीतल्या बाईनं इतक्या जोरात पळू नये असं माझं मत आहे. पहिल्यांदा मी डब्याची सेफ्टी क्लिप काढायलाच विसरलो. दुसऱ्यांदा वारा समोरून होता, सगळं माझ्याच तोंडावर. तिसऱ्यांदा तीसेक फुटांवर बरोबर ढग उठला आणि घोंगडं त्यात शिरलं. "मेलं एकदाचं," काकू म्हणाल्या, आणि चहा टाकायला गेल्या.

त्या चहावर तुम्ही अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे दोन अभ्यास पुढे ठेवलेत. २००८ चा फवाऱ्याचा: अलास्कातल्या ८३ घटना, जवळून गाठ पडलेल्या फवारेवाल्यांपैकी ९८ टक्क्यांना इजा नाही. २०१२ चा बंदुकींचा: १८८३ ते २००९ मधल्या २६९ घटना, लांब बंदुकांनी ७६ टक्के वेळा काम केलं, पिस्तुलांनी ८४. मी लगेच "म्हणजे फवाराच" म्हणालो, तर तुम्ही मलाच थांबवलंत. फवाऱ्याच्या घटनांत नुसती कुतूहलानं आलेली, कचऱ्याला सोकावलेली अस्वलंही आहेत, तेव्हा हे आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना करायची नाही. मला पटवणं सोपं होतं, काका. तरी तुम्ही तुमच्याच बाजूचा आकडा सैल केलात. तुमचा शब्द मी मानला तो त्या क्षणी.

मूस या थोराड हरणाच्या शिकारीचं कारणही मी काढून पाहिलं. शंभर यार्डांवर नेम बसवला तर सौम्य काडतुसातली चारशेपाच ग्रेनची गोळी दोनशेवर दोन फूट खाली जाते, हे ऐकल्यावर ते सोडून दिलं. आणि जीव वाचवायला अस्वल मारलंच तरी कातडं नखांसकट आणि कवटी सोलून सरकारजमा करायची, वर लेखी अहवाल द्यायचा. माझ्यानं कोंबडी सोलवत नाही.

शेवटी तुम्ही म्हणालात, "हौस म्हणून घे. हौसेला कारण लागत नाही. पण अस्वलाच्या नावावर खपवू नकोस, आणि पोरगी घरात आहे तोवर आधी तिजोरी घे, मग रायफल." हे मी बायकोला जसंच्या तसं सांगितलं. तिनं तेवढ्यात तिजोरीची किंमत पाहिली.

तर अजून घेतलेली नाही. दोन फवारे घेतले, एक माझ्या पट्ट्याला, एक बायकोच्या. जुलैत रशियन रिव्हरवर पलीकडच्या काठाला एक अस्वल आलं. सगळ्यांनी गळ गुंडाळले, मासे हाताशी घेतले, "हे बेअर, हे बेअर" करत मागे सरकलो. माझा अंगठा क्लिपवर होता आणि ती काढायची कशी हे त्याला ठाऊक होतं. अस्वलानं पाण्यातून एक मासा उचलला, आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि झाडीत गेलं. पोरगीनं विचारलं, "बाबा, त्याला लायसन्स लागत नाही का?"

हौस मात्र गेलेली नाही, खोटं कशाला बोलू. खटॅक-खटॅक अजून ऐकू येतं. येत्या शनिवारी रेंजवर येतोय. काडतुसं या खेपेला माझी, एकेक दोन-तीन डॉलरला पडलं तरी चालेल, फक्त सौम्यातली आणतो. आईनं पाठवलेलं कोकमाचं आगळ काकूंसाठी आहे. आणि पट्टी तुम्ही आणू नका, मी अंगठ्याला घरूनच बांधून येईन.

तुमचा,
कुडाळचा पुतण्या