जपानच्या दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र: तुमचं रोजचं जगणं आम्हाला बघू द्या

प्रति,
माननीय मंत्री,
अंतर्गत व्यवहार व दळणवळण मंत्रालय,
जपान सरकार, तोक्यो

विषय: एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या परदेशी प्रक्षेपणाबाबत विनंती

महोदय,

मी पुण्यात जपानी भाषा शिकवते. एनएचकेचा अर्थसंकल्प दरवर्षी आपल्या अभिप्रायासह संसदेपुढे जातो. परदेशी प्रक्षेपणात कोणत्या विषयांवर भर द्यावा, हे एनएचकेला सुचवण्याचा अधिकारही प्रसारण कायद्याने आपल्यालाच दिला आहे. म्हणून हे पत्र एनएचकेला न लिहिता थेट आपल्याला लिहीत आहे. मराठीत अशासाठी, की जपानी दूरचित्रवाणी बघणारे माझ्यासारखे इथेही पुष्कळ आहेत आणि त्यांनीही ते वाचावं असं वाटतं.

माझ्या वर्गात येणाऱ्या मुलांच्या डोक्यातला जपान ठरलेला असतो. अ‍ॅनिमे, शिनकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन, चेरीचा बहर, मिनिटालाही न चुकणाऱ्या गाड्या. त्यात खोटं काही नाही, पण एवढ्या शिदोरीवर कुणी तिथे राहायला जाऊ नये. भारत आणि जपान यांच्यात २०२१ साली कुशल कामगारांविषयी करार झाला, तेव्हापासून वर्गात वृद्धांच्या सेवेचं काम करायला जाऊ पाहणाऱ्या मुलीही दिसू लागल्या आहेत. त्यांना फुजी पर्वत नंतर दिसला तरी चालेल. ज्या आजींना रोज आंघोळ घालायची, जेवू घालायचं, त्या आजी कशा बोलतात, कशावर हसतात, कशाने गप्प होतात, हे आधी कळायला हवं. पाठ्यपुस्तकात ते सापडत नाही. मला ते एनएचकेच्या कार्यक्रमांत सापडलं.

‘डॉक्युमेंट ७२ अवर्स’चंच घ्या. एखादी जागा निवडायची, तिथे तीन दिवस कॅमेरा घेऊन थांबायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायचं, एवढीच त्या कार्यक्रमाची रीत. २०१५ सालचा एक भाग उत्तर जपानमधल्या आकिताच्या बंदराजवळ चित्रित केलेला आहे. ऐन हिवाळा, समुद्रावरून येणारा बोचरा वारा, आणि एका दुकानापुढे उभं असलेलं नूडल्सचं जुनं यंत्र. नाणी टाकायची, काही क्षणांत गरम उदोन नाहीतर सोबाचा वाडगा बाहेर येतो, आणि माणसं तिथेच उभ्याने खातात. कुणी रात्रपाळीहून परतताना थांबतं, कुणी एकटेपणा घालवायला येतं. कॅमेऱ्यामागचा माणूस घाई करत नाही. समोरचा नूडल्स संपवतो, रस पितो, आणि मग हळूहळू नोकरीचं, घरचं, गेलेल्या माणसांचं बोलायला लागतो. वर्गात हा भाग दाखवला की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘जपानी माणसं अनोळखी माणसाशी इतकं मनातलं बोलतात?’ बोलतात. थांबून ऐकणारं कुणी असेल तर बोलतात. तिकडे कामाला निघालेल्या मुलीला याहून मोलाचा धडा मी काय देणार? पुढे २०१६ मध्ये ते दुकान बंद झालं, पण यंत्र भंगारात गेलं नाही. जवळच्याच मिचि नो एकीत, म्हणजे रस्त्यालगतच्या विश्रांतिस्थळात, ते नेऊन ठेवलं. हे ऐकून वर्गातल्या पोरांचे चेहरे खुलतात.

सकाळी सहा पंचवीसला लागणारी व्यायामाची दहा मिनिटंही मी आवर्जून दाखवते. रेडिओवर हा व्यायाम १९२८ पासून आहे, टीव्हीवर १९५७ पासून. स्टुडिओत पियानोवादक बसलेला असतो, समोर व्यायाम करून दाखवणाऱ्या मुली. त्यांतली एक मुलगी बहुधा खुर्चीवर बसून तेच प्रकार करते. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांच्यासाठी ते असतं, पण तसा कुणी गाजावाजा करत नाही. ती खुर्ची तिथे असतेच. म्हातारं माणूस बाजूला पडू नये याची काळजी एखादा देश कशी घेतो, हे त्या खुर्चीकडे बघून माझ्या विद्यार्थिनींना जेवढं कळतं, तेवढं माझ्या तासाभराच्या बोलण्यातून कळत नाही.

आणि मग १ जानेवारी २०२४. नववर्षाचा दिवस, संध्याकाळचे चार वाजून दहा मिनिटं, नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप. ज्यांची मुलं जपानमध्ये नोकरीला आहेत अशा इथल्या घरांतही त्या दुपारी एनएचके लावलं गेलं. एरवी संथ, सौम्य आवाजात बातम्या देणारी निवेदिका अक्षरशः ओरडत होती: आत्ताच्या आत्ता पळा, शक्य तितक्या उंच जागी जा, थांबू नका, मागे फिरू नका, २०११ चा भूकंप आठवा. पडद्यावर किनाऱ्याचा नकाशा जांभळ्या, तांबड्या आणि पिवळ्या रेषांनी लुकलुकत होता, आणि मोठमोठ्या अक्षरांत ‘त्सुनामी! पळा!’ लिहिलेलं होतं. कांजी ही अवघड चित्रलिपी टाळून, नुसत्या हिरागाना या सोप्या लिपीत. पहिलीतल्या पोराला वाचता यावं आणि जपानी नीट न येणाऱ्या परदेशी कामगारालाही. माझ्याकडे नुकत्याच शिकायला लागलेल्या मुलालासुद्धा ते वाचता आलं असतं. हे आपोआप झालेलं नाही, हे आपण जाणताच. २०११ च्या भूकंप-त्सुनामीत शांत आवाजातल्या सूचनांनी लोक पुरेसे हलले नाहीत, हे एनएचकेने स्वतःशी कबूल केलं आणि आपल्या निवेदकांना आवाज चढवायला शिकवलं. सरकारी पैशाने केलेल्या कुठल्या जाहिरातीने जपानविषयी एवढा आदर वाटला असता?

मला सांगायचं आहे ते हेच. परदेशी माणसाला जपान उमगतो तो जपान्यांनी स्वतःसाठी केलेल्या कार्यक्रमांतून. आम्हाला भुरळ पाडायला केलेले कार्यक्रम आम्ही बघतो आणि विसरतो. ‘ओशिन’ ही सकाळची मालिका १९८३-८४ मध्ये जपानी घरांसाठी केली होती. तिथे तिला सरासरी ५२.६ टक्के प्रेक्षक लाभले. तांदळाच्या एका पोत्याच्या मोबदल्यात चाकरीला धाडलेली यामागाताची लहानगी पोर तराफ्यावर बसून मोगामी नदीतून निघते आणि बाप काठाने धावत राहतो. त्यात पर्यटकाला भुलवणारं काय आहे? दारिद्र्य आहे, थंडी आहे, सासुरवास आहे. तरीही ती साठहून अधिक देशांत गेली आणि युद्धाने पोळलेल्या इराणमध्ये लोकांनी तिला आपलं मानलं. सासुरवास काय असतो हे आम्हा मराठी बायकांनाही कुणी समजावून सांगायला नको.

एनएचकेने स्वतःच्या देशाच्या जखमाही झाकल्या नाहीत. ज्यांच्या मृतदेहावर हक्क सांगायला कुणी पुढे येत नाही अशा वर्षाकाठी बत्तीस हजार मृत्यूंवरचा माहितीपट जानेवारी २०१० मध्ये आला आणि जपानमध्ये त्यावर केवढी चर्चा झाली. फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर, मे २०११ मध्ये, शैक्षणिक वाहिनीने शास्त्रज्ञांना गाडीत बसवून रस्तोरस्ती किरणोत्सर्ग मोजला आणि त्याचा नकाशा लोकांपुढे ठेवला. एखाद्या मंत्र्याला अशा कार्यक्रमांनी देशाची अब्रू जाते असं वाटू शकेल. आमच्यावर उलटाच परिणाम होतो. जो देश आपलं दुखणं असं उघड्यावर मांडतो, त्याच्या इतर बातम्यांवरही आमचा विश्वास बसतो.

इतिहास मला ठाऊक आहे, म्हणून काळजी वाटते. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याच पदावर असलेल्या सुगा योशिहिदे यांनी एनएचकेच्या परदेशी रेडिओला एका विषयावर विशेष भर देण्याचा आदेश दिला होता. उत्तर कोरियाने पळवून नेलेल्या जपानी नागरिकांचा तो विषय. त्या आईबापांचं दुःख खरं होतं, आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण मंत्र्याने बातमीदाराला आदेश द्यावा का, यावर जपानमध्येच वाद झाला, आणि पुढच्या वर्षी कायदा बदलून आदेशाच्या जागी विनंती आली. २०१४ मध्ये एनएचकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी, परदेशी प्रक्षेपणात सरकारच्या भूमिकेविरुद्ध जाता येणार नाही अशा अर्थाचं विधान केलं, तेव्हाही जपानी लोकच सर्वांत आधी अस्वस्थ झाले. अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२४ मध्ये, रेडिओच्या चिनी भाषेतल्या बातम्या वाचणाऱ्या कंत्राटी कर्मचाऱ्याने संहितेत नसलेली वाक्यं घुसवली, जपानच्या ताब्यातली सेन्काकू बेटं चीनची असल्याचंही सांगून टाकलं. आपल्या मंत्रालयाने एनएचकेची कानउघाडणी केली, ती योग्यच होती. वाचायला दिलेलं वाचायचं सोडून कुणी मनाचं बोलू लागला तर ती बातमी राहत नाही.

भीती आहे ती त्यानंतरच्या काळाची. एक घोटाळा झाला की संस्था सावध होतात, आणि सावध संस्था हातचं राखून बोलते. मग बेटांचा प्रश्न सोडाच, ओस पडलेली गावं, एकट्याने मरणारी माणसं, परदेशी कामगारांची पिळवणूक, सगळेच विषय ‘नको, उगीच’ या खात्यात जमा होतात. उरतात मंदिरं, सुशी आणि शरद ऋतूतली पानं. आपल्या विनंतीपत्रात सरकारची धोरणं आणि राष्ट्रीय महत्त्वाचे प्रश्न असणार, ते मला समजतं. पण त्या पत्राने बाकीची जागा व्यापू नये, एवढं आपण पाहू शकता.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती बोलताना मला संकोच वाटतो, कारण आम्ही परदेशातले प्रेक्षक एक येनही देत नाही. उपग्रह वाहिन्या न घेणारं जपानी कुटुंबही एनएचकेला महिन्याला १,१०० येन शुल्क भरतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शुल्क कमी झालं, त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये उपग्रह वाहिन्यांचं एकत्रीकरण झालं, खर्चाला कात्री लागली. कात्री कुठे लावायची हे ठरवण्याचा अधिकार जपानी प्रेक्षकांचा. मी फक्त इतकंच सांगेन, की आकिताच्या बंदरासारख्या जागा तोक्योच्या इमारतीतून दिसत नाहीत. त्या गावोगावच्या केंद्रांतल्या लोकांना माहीत असतात. एनएचकेची अशी पन्नासहून अधिक केंद्रं आहेत, आणि तिथे स्थानिक प्रेक्षकांसाठी जे चित्रित होतं त्यातलं फारच थोडं आमच्यापर्यंत पोचतं. परदेशी वाहिनीसाठी नवा, चकचकीत प्रवासवर्णनाचा कार्यक्रम करण्यापेक्षा त्या केंद्रांच्या माहितीपटांना उपशीर्षकं द्यायला खर्चही कमीच यावा. हिंदीत आणि बंगालीत एनएचके जपानीचे सोपे धडे देतं, रेडिओच्या बातम्या देतं. उपशीर्षकांतही भारतीय भाषांना जागा मिळाली तर इथल्या नर्सिंग शिकलेल्या मुलीला इंग्रजीचा डोंगर आधी चढावा लागणार नाही.

आणि एक बारीकशी वाटणारी अडचण. एनएचके वर्ल्ड या परदेशी वाहिनीच्या संकेतस्थळावर कार्यक्रमाखाली तो कधीपर्यंत बघता येईल याची तारीख दिलेली असते. ती उलटली की कार्यक्रम निघून जातो. चालू सत्रात मी ज्या भागावर धडा बेतते, तो पुढच्या सत्राच्या मुलींना दाखवता येईलच असं नाही. संगीताचे, चित्रांचे हक्क असतात, सगळंच कायम ठेवता येणार नाही, हे मान्य. पण जे कार्यक्रम पूर्णपणे एनएचकेचे स्वतःचे आहेत, निदान तेवढे तरी शिक्षणासाठी कायम खुले राहावेत, अशी शिफारस पुढच्या अर्थसंकल्पावरच्या आपल्या अभिप्रायात करावी, ही कळकळीची विनंती.

कळावे,

आपली नम्र,
जपानी भाषेची एक शिक्षिका, पुणे