नवऱ्याची बदली होते, माझ्या शिक्षणाची का होत नाही?

माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी देवळाली कॅम्पमधून हे पत्र लिहीत आहे. माझे पती तोफखान्यात हवालदार आहेत आणि मी नाशिकमधील एका खासगी महाविद्यालयात बी.एस्सी. नर्सिंगच्या चौथ्या सत्राची परीक्षा नुकतीच दिली आहे. गेल्या महिन्यात पतीची पंजाबातील फिरोजपूरला बदली झाली. गेल्या सोमवारी मी माझी मूळ कागदपत्रे मागायला महाविद्यालयाच्या कार्यालयात गेले, तेव्हा खिडकीपलीकडच्या कारकुनाने अर्ज न वाचताच परत सरकवला आणि उरलेल्या दोन वर्षांची फी भरल्याशिवाय दहावी-बारावीच्या गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला मिळणार नाही, असे सांगितले. जागा रिकामी राहिली तर संस्थेचे नुकसान कोण भरून देणार, असेही त्यांनी मलाच विचारले. प्रवेश घेताना पतीच्या नोकरीचे स्वरूप मी याच खिडकीवर सांगितले होते. 'बदली झाली तर बघू, सैनिकाच्या कुटुंबाला कोण अडवतो?' असे तेव्हाचे उत्तर होते आणि त्या शब्दावर विसंबून मी फी भरली होती.

मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावले आहे. मी ते कारकुनाला सांगितले. ते म्हणाले, मग आयोगाकडेच जा.

मंत्री महोदय, कागदपत्रे हा माझ्या दुःखाचा लहान भाग आहे. ती उद्या हातात पडली तरी मी जाणार कोठे? २०२१-२२ पासून बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम साऱ्या देशासाठी एकच आहे, आठ सत्रांचा, भारतीय परिचर्या (नर्सिंग) परिषदेने आखलेला. पहिल्या सत्रात शरीररचना आणि नर्सिंगचे मूलभूत शिक्षण, तिसऱ्यात सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र, हा क्रम नाशिकला आहे तसाच पंजाबात आहे. पण फिरोजपूरच्या बाजूच्या एका महाविद्यालयाला मी फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, की प्रवेश हवा असेल तर पहिल्या सत्रापासून. दोन वर्षांत माझ्या हातून जे घडले ते तिथे कोणीही मोजायला तयार नाही.

काय घडले ते सांगते. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात पहिल्यांदा रुग्णाखालची चादर बदलताना माझे हात थरथरत होते. कूस बदलताना आजींना इतक्या वेदना होत होत्या, की त्यांनी माझे मनगट घट्ट धरून ठेवले होते. सहा महिन्यांनी त्याच वॉर्डात मी एकटीने चादर बदलत होते आणि रुग्णाची झोपही मोडत नव्हती. माझ्या लॉगबुकात अशा प्रत्येक कामापुढे तारीख आहे आणि शिक्षिकेची सही आहे. ती पाने उलटताना आता मला रडू येते.

'थोडे दिवस माहेरी राहा, अधूनमधून येऊन परीक्षा दे' असा सल्ला अनेकांनी दिला. त्यांना नर्सिंग माहीत नाही. परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात ८० टक्के हजेरी लागते आणि प्रात्यक्षिकाचे तास तर पदवीपूर्वी शंभर टक्के पूर्ण करावे लागतात. हे योग्यच आहे, कारण अर्धवट शिकलेल्या हातांत कोणी रुग्ण सोपवू नये. पण माहेरी राहायचे तर पाच वर्षांच्या मुलीने वडिलांना सुट्टीपुरतेच पाहायचे, आणि तेही ज्या पोस्टिंगवर कुटुंबाला सोबत राहता येते त्या पोस्टिंगच्या काळात. कुटुंब सोबत नेता येत नाही अशी फील्डची वर्षे आम्ही वेगळे राहून काढतोच. हीही तशीच काढावीत का?

माझ्या मुलीचा केंद्रीय विद्यालयातील दाखला एका दिवसात निघाला. बदलीमुळे मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून सरकारने १९६३ मध्ये सैन्याच्या वीस रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन ही विद्यालये सुरू केली. साठ वर्षांपूर्वी हे सुचले, त्यासाठी मी कृतज्ञ आहे. मुलांच्या आईलाही शिकायचे असेल, हे मात्र अजून कोणाला सुचलेले नाही. अभियांत्रिकीच्या प्रवेशातही संरक्षण सेवेच्या राखीव जागा आहेत त्या सैनिकांच्या मुलांसाठी. सैन्याच्या वैद्यकीय सेवेची स्वतःची परिचर्या महाविद्यालये आहेत, त्यांपैकी एक पुण्याला सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसीत) आहे. तिथे अविवाहित, घटस्फोटित किंवा विधवा असेल तर अर्ज करता येतो. माझे पती हयात आहेत, म्हणून मी सैनिकाची पत्नी असूनही सैन्याच्या नर्सिंग कॉलेजचे दार मला बंद आहे. लग्न केले म्हणून लष्करी परिचर्या सेवेतून १९८८ मध्ये काढलेल्या एका अधिकारी महिलेला साठ लाख रुपये भरपाई द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. छत्तीस वर्षे लागली. माझ्याजवळ एवढी वर्षे नाहीत. मी एकोणतीस वर्षांची आहे आणि या अभ्यासक्रमाच्या प्रवेशाला पस्तीस वर्षांची मर्यादा आहे. पुन्हा पहिल्या सत्रात बसले आणि दोन-अडीच वर्षांनी पुन्हा बदली आली, तर पुढे सगळेच संपले.

बदलीच्या वेळी घरचे सामान हलवायला सरकार भत्ता देते. कपाट, पलंग, शिलाई मशीन, सगळ्याचा हिशेब होतो. बायकोने दोन वर्षे घेतलेले शिक्षण त्या सामानाइतकेही धरले जात नाही, याचा मला संताप येतो. व्यासपीठावरून आम्हाला 'वीर जवानांच्या पत्नी' म्हटले जाते, शाल दिली जाते, टाळ्या वाजतात, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर आमचा अर्ज न वाचता परत येतो. देशात परिचारिका कमी आहेत, असे प्रत्येक सरकार सांगते. मग अर्धी घडलेली परिचारिका वाऱ्यावर सोडणारी ही व्यवस्था कोणाच्या सोयीची आहे? ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका (नर्स आणि सुईण) आयोगाचा कायदा केला, त्यात देशभराच्या नोंदवहीची तरतूद केली. ती पदवी मिळालेल्यांसाठी. वाटेत अडकलेल्यांना विचारणारे कोणी नाही.

पंजाबने काय करावे हे आपल्या हाती नाही, याची मला जाणीव आहे. परंतु नाशिकच्या म्हसरूळ येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे आपण प्र-कुलपती आहात. देवळाली, ओझर, पुणे, अहिल्यानगर येथे दरवर्षी इतर राज्यांतून सैनिकांची कुटुंबे येतात. त्यांतील नर्सिंग शिकणाऱ्या पत्नीला तिची पूर्ण झालेली सत्रे धरून पुढच्या सत्रात, मंजूर जागांच्या वर एक जागा धरून प्रवेश द्यावा, एवढा नियम महाराष्ट्राने आधी करावा आणि मग तोच इतर राज्यांकडे व केंद्राकडे मागावा. बदलीचा आदेश दाखवणाऱ्या विद्यार्थिनीची कागदपत्रे सात दिवसांत परत न करणाऱ्या संस्थेवर कारवाई करावी. आणि माझी कागदपत्रे मला मिळवून द्यावीत.

येत्या वीस तारखेला नाशिकरोडहून पंजाब मेल आहे, ती थेट फिरोजपूरला जाते. तीन तिकिटे काढली आहेत. काळ्या पेट्यांवर पतीने पांढऱ्या रंगाने नवीन युनिटचे नाव लिहिले आहे. एका पेटीत माझा गणवेश, स्टेथोस्कोप आणि लॉगबुक आहे. गुणपत्रिकांची फाइल ठेवायला त्यात कोपऱ्यात जागा सोडली आहे.

आपली,
देवळाली कॅम्प येथील एक हवालदाराची पत्नी